नदीत कोणीच नाही

धरणाचा भोंगा इतका जबरदस्त होता, की तो वाजला की आसपासच्या म्हशी पान्हा चोरायच्या, कोंबड्या उभ्या-उभ्या अंडी घालायच्या, आणि एकदा तर दचकलेल्या न्हाव्याच्या हातून गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडाली. खोटं वाटत असेल त्यानं जाऊन ती मिशी बघावी. उरलेली बाजू अजून जोडीदाराची वाट बघतेय.

या भोंग्यानं जागची न हलणारी माणसं आख्ख्या नदीकाठी दोनच. एक दादा. तो ठार बहिरा. दुसरी त्याची धाकटी बहीण. तिला वाळूवरून चाललेल्या मुंगीची पावलं ऐकू यायची, पण तिचा भोंग्यावर विश्वास नव्हता. दादाच्या मुलाची ती आत्या, म्हणून सगळ्यांचीच आत्या. नवरा लवकर गेला, ती भावाकडे परत आली, आणि आल्या दिवसापासून त्या घरात हुकूम तिचा. दादाला तिचं ऐकू यायचं नाही आणि भाच्याला तिचं ऐकल्यावाचून सुटका नव्हती. भाच्याची बायको तेवढी हुशार. ती सगळं ऐकायची आणि मनाला येईल ते करायची.

त्यांच्याकडे जमीन नव्हती. नदी होती. पाणी ओसरून पात्रातली वाळू उघडी पडली, की चौघं फावडी, टोपल्या आणि खोपटाचे बांबू घेऊन नदीत उतरायची. वाळू उपसत जायचं, खाली ओल लागली की थांबायचं. त्या खड्ड्यात शेणखत टाकायचं, कलिंगडाचं बी टोचायचं, वर मऊ वाळू पसरायची. काटेरी फांद्यांचं कुंपण घालायचं. मग पाणी. घागर कमरेवर घेऊन झऱ्यापासून वेलापर्यंत आणि वेलापासून झऱ्यापर्यंत. वाळूत पाऊल टाकलं की अर्धं मागं येतं, म्हणून आत्या म्हणायची, "आपण आयुष्यात जेवढं चाललो ना, त्याच्या निम्म्या ठिकाणीच पोहोचलोय." दुपारच्या वाळूवर भाकरी शेकता आली असती. टाचांच्या भेगांत वाळू शिरायची आणि रात्री सून दिव्याशी बसून सगळ्यांच्या टाचा तेलाच्या बोळ्यानं पुसायची.

फळ पिकलं की नाही हे दादा ठरवायचा. बाकीचे लोक कलिंगडावर टिचकी मारून कान लावतात. दादा तळवा टेकवायचा. डोळे मिटून, आजारी लेकराच्या पोटावर हात ठेवावा तसा. मग मान हलवायची. त्याची मान कधी चुकली नाही.

भोंग्यावरचा विश्वास असाच एका दिवसात उडाला नव्हता. सुरुवातीला तो वाजला की चौघं डोक्यावर बोचकी घेऊन काठावर पळायची. उन्हात उभं राहून नदीकडे बघायची. नदी त्यांच्याकडे बघायची. पाणी काही यायचं नाही. मग कळायचं, आज नवे साहेब आले होते, त्यांना भोंगा वाजवून दाखवला. एकदा भिंतीवर माकडं बसली म्हणून वाजवला. एकदा तर वाजतो का हे बघायला वाजवला. आणि एका पहाटे, वेल नुकते हातभर झालेले असताना, भोंगा न वाजताच पाणी आलं. फार नाही, गुडघाभर. पण वेलांना गुडघे नसतात.

"बघ," आत्या उघड्या पडलेल्या मुळांकडे बघत भाच्याला म्हणाली, "भोंगा वाजतो तेव्हा पाणी येत नाही, आणि पाणी येतं तेव्हा भोंगा वाजत नाही. एवढं लक्षात ठेव. बाकी नाही शिकलास तरी चालेल."

त्या वेळी ती दादाला घेऊन धरणाच्या ऑफिसात गेली होती. बाहेरच्या बाकावर कारकुनाची पिशवी बसली होती, म्हणून ही दोघं उभी राहिली. उन्ह एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं तेव्हा कारकुनानं त्यांना आत घेतलं आणि भिंतीवरच्या नकाशावर पट्टी टेकवली.

"इथं शेती नाहीच. इथं नदी आहे. हे बघा, निळी."

"मग आम्ही काय पोहत पोहत खड्डे खणले?"

"नदीत शेती करायची परवानगी नाही. म्हणजे नदीत शेती नाही. आणि शेतीच नाही तर नुकसान कशाचं?" त्यानं दादाकडे पट्टी वळवली. "हे काय बोलत नाहीत?"

"त्याला ऐकू येत नाही."

"मग आणलंत कशाला?"

दादा सगळा वेळ हसतमुखानं मान डोलवत होता. हा माणूस एवढं तोंड हलवतोय, नकाशा दाखवतोय, म्हणजे आपलं काम मनावर घेतलेलं दिसतंय, असा त्याचा समज. निघताना त्यानं कारकुनाला वाकून हात जोडले. आत्यानं चटकन ते हात खाली ओढले. पण ते जोडलेले हात तिच्या पोटात काट्यासारखे रुतून बसले, ते बसलेच.

शेती नाही म्हणणाऱ्या त्याच ऑफिसातून चार दिवसांत शेती हटवायची नोटीस निघाली. ती घेऊन भोंगेवाला आला. भोंगा वाजवणं, धरणाची दारं उघडणं-मिटणं आणि नोटिसा वाटणं, ही तिन्ही कामं त्या एकाच माणसाकडे. उंट परवडला अशी लांब मान, आणि चपलेचा अंगठा कायम तुटलेला, त्यामुळे तो पाय घासत चालायचा. नोटिशीचा नियम असा, की ती ज्याची त्याच्या हातात द्यायची आणि कागदावर अंगठा घ्यायचा. अंगठा नाही तर नोटीस लागू नाही.

आत्याला त्यातलं एवढंच कळलं. तेवढं पुरेसं होतं. "अंगठा दिला की ते हात धरतात," ती म्हणाली, "आणि हात धरला की नदीतून ओढतात. त्यांना अंगठा दिसलाच नाही पाहिजे."

तेव्हापासून त्या घरानं एक कसब कमावलं. काठावर भोंगेवाला दिसला, की सून टिटवीसारखी ओरडायची. इतकी हुबेहूब, की एका खऱ्या टिटव्यानं तिच्यापायी आपला संसार मोडला म्हणतात. ती ओरडली की सगळ्यांनी होतं तिथं आडवं व्हायचं, तोंड वाळूत, वेल अंगावर ओढून. दादाला टिटवी ऐकू येणार कशी? म्हणून त्याच्या मनगटाला एक लांब सुतळी बांधलेली, तिचं दुसरं टोक आत्याच्या कमरेला. एक हिसका म्हणजे आडवा हो. दोन हिसके म्हणजे ऊठ. दिवसभर दोघं बहीण-भाऊ त्या सुतळीच्या दोन टोकांना काम करायची.

भोंगेवाला यायचा, कुंपणाशी उभा राहायचा. वेलांवर वारा फिरायचा. इकडे-तिकडे मान फिरवून तो मोठ्यानं म्हणायचा, "कोणीच नाही बाबा इथं!" आणि पाय घासत परत जायचा. तो वळून चार पावलं गेला की आत्या "दादा, ऊठ" म्हणत दोन हिसके द्यायची आणि चौघं वाळू झाडत उठायची.

"खातं आंधळं आहे," आत्या खुशीत म्हणायची.

"आंधळं असेल," सून एकदा म्हणाली, "पण आत्या, तुमचा मागचा भाग वेलावर केवढा दिसत होता."

"कलिंगड वाटलं असेल त्याला."

"एवढं?"

त्या वर्षी वेल असे माजले होते, की पावलाला वाळू दिसत नव्हती. सगळ्यांत मोठं फळ आत्याच्या बियाण्याचं. तिच्या आईकडून आलेली जात, गडद हिरवी, पातळ सालीची, आत गुळासारखी. दर वर्षी एक फळ बियाण्याला राखायचं आणि त्यातूनच पुढचं वर्ष उगवायचं. हे फळ इतकं वाढलं होतं, की ते कूस बदलायचं तेव्हा दोघं जण लागायचे. ऊन लागू नये म्हणून आत्यानं आपल्या डोक्याचं जुनं निळं फडकं त्याच्यावर पांघरलं होतं. स्वतः मात्र बोडक्या डोक्यानं उन्हात राबायची. भाचा म्हणायचा, "पुढच्या जन्मी मला हिचं कलिंगड कर."

तोडणीला आठवडा राहिला असेल. आभाळ धुतल्या ताटासारखं स्वच्छ. फक्त दूर, नदी जिथून येते त्या डोंगरांवर, काजळाचं बोट फिरवल्यासारखं काहीतरी. दुपार कलली होती. आत्या आणि दादा फळांखाली वाळलेलं गवत सारत होती, भाचा कुंपण सावरत होता, सून घागर घेऊन झऱ्यावर. आणि भोंगा वाजला.

"साहेब जेवायला बसले वाटतं," भाचा म्हणाला.

भोंगा थांबेना.

"आज पंगत मोठी आहे," आत्या म्हणाली आणि गवत सारत राहिली.

भोंगा वाजतच राहिला. मग त्याचा आवाज चिरका झाला, बोकडाच्या गळ्यात घास अडकावा तसा, आणि एक किंकाळी फोडून कायमचा बंद पडला.

"गेला!" भाचा म्हणाला. "त्याच्या नावानं आंघोळ करा."

थोड्या वेळानं झऱ्याकडून टिटवी ओरडली. आत्यानं कमरेची सुतळी एकदा ओढली आणि बसल्या जागी आडवी झाली. चौघं वेलांखाली गडप.

भोंगेवाला आज पाय घासत येत नव्हता. पळत येत होता. चप्पल कुठं गेली कुणास ठाऊक, अनवाणी. अंगातला सदरा काढून तो हवेत फिरवत होता. सून आत्यापासून हातभरावर येऊन पडली होती. ती कुजबुजली, "आत्या, आज त्यांच्या हातात नोटिशींची पिशवी नाही."

"अंगठा कापून न्यायला पिशवी लागत नाही. गप पड."

"अहो, बाहेर या!" भोंगेवाला कुंपणापासूनच ओरडत आला. "पाणी सोडलंय! वरच्या अंगाला आभाळ फाटलंय, दारं उघडावी लागली! या बाहेर!"

वारा वेलांवरून फिरला. कोणी हललं नाही.

"आत्या! दादा! तुम्ही तिथं आहात, मला माहीत आहे!"

आत्या वाळूत आणखी खोल घुसली. याला आपली नावं कुणी सांगितली? म्हणजे कुणीतरी फितूर झालंय. आणि पाणी म्हणे! भोंगा मेला तर आता हे तोंडानं भोंगा वाजवायला लागले.

"आत्या," पलीकडच्या ओळीतून भाचा पुटपुटला, "खरं बोलत असेल तर?"

"खातं खरं बोलेल तेव्हा मी आडवीच असेन, पण चौघांच्या खांद्यावर. तोंड वाळूत घाल."

भोंगेवाल्यानं चाचपडत भाच्याचा पाय शोधला आणि ओढला. भाचा मेल्यासारखा सैल पडून राहिला. त्याला लहानपणापासून तेवढंच छान जमायचं. भोंगेवाल्यानं तो हातभर ओढला, मग पाय सोडून दिला. चार माणसं, सगळी अशीच मढ्यासारखी जड होणार. त्यानं नदीच्या वळणाकडे पाहिलं. आत्याला वाळूतल्या एका डोळ्यानं त्याचे पाय दिसत होते. तो रडवेल्या आवाजात स्वतःशीच काहीतरी बोलला.

मग ते पाय वळले. काठाकडे नाही. निळ्या फडक्याकडे.

आत्यानं शेजारचं खुरपं चाचपलं.

त्यानं फडक्यासकट ते फळ उचललं. देठ तुटल्याचा आवाज आला, कट्. तो आवाज आत्याला आपल्या नाळेतून आल्यासारखा वाटला. कूस बदलायलाही दोघं लागणारं ते फळ त्या काटकुळ्यानं एकट्यानं खांद्यावर घेतलं. कसं घेतलं हे त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. आणि जाता-जाता तो मोठ्यानं म्हणाला, "पांढरंफटक असणार आतून! पण चालेल, साहेबांच्या म्हशीपुढं टाकायला बरं आहे!"

आणि पळाला.

नदीत कोणीच नव्हतं तिथं एकदम आत्या होती. केसांत वाळू, गळ्यात वेल, हातात खुरपं. "मेल्या! मुडद्या! माझ्या आईचं बी आहे ते! पांढरं म्हणतोस? तुझं रक्त पांढरं आहे का बघते मी!"

"आत्या, अंगठा!" भाचा ओरडला.

"अंगठा गेला खड्ड्यात!" आत्या पळत सुटली. वाळूत पाऊल अर्धं मागं येतं, पण त्या दिवशी वाळूचीही तेवढी हिंमत झाली नाही. तिच्यामागं भाचा पळाला, आत्या माणूस मारेल या भीतीनं. त्याच्यामागं सून, नवरा आत्याला आवरू शकणार नाही या खात्रीनं.

आणि दादा? तो वेलांखाली पालथाच होता. पुढं कित्येक दिवस तो खुणांनी सांगायचा, छातीखालची वाळू थरथरायला लागली होती. पिकलेल्या फळावर तळवा ठेवल्यासारखी. त्याला वाटलं, आपलंच काळीज. मग मनगटाला हिसका बसला. मग दुसरा. दोन हिसके, म्हणजे ऊठ. तो उठेपर्यंत तिसरा, चौथा, पाचवा. इतके हिसके कशाचे ते ठरलेलंच नव्हतं. सुतळीनं त्याला गुडघ्यांवर पाडलं, फरपटलं, उभा केला, आणि दादा हात पुढं करून, दावणीच्या बैलासारखा, बहिणीच्या मागं धावत सुटला.

काठाचा चढ भोंगेवाल्यानं गुडघ्यांनी चढला. वर पोहोचला, वळला, आणि तेवढ्यात आत्यानं खुरप्याचा दांडा त्याच्या कपाळावर घातला. तो उताणा पडला. कलिंगड त्यानं पोटावर धरून ठेवलं होतं. माणूस फुटला, कलिंगड नाही फुटलं.

"आणखी मारा," तो म्हणाला. कपाळातून रक्त डोळ्यांत उतरत होतं आणि तो मान उचलून तिच्या पाठीमागं बघत होता. "पण ते दादा वर आले का ते आधी बघा."

आत्यानं वळून सुतळी ओढली. दादाचं डोकं चढावर आलं, मग खांदे. भाच्यानं त्याला काखेत धरून वर घेतलं.

तेव्हा पाणी आलं.

ते पाण्यासारखं आलंच नाही. वळणावरून एक तपकिरी भिंत चालत आली, तिच्या माथ्यावर झाडं, मुळं वर करून. कुंपण दिसलं आणि नव्हतं. खोपटाचे बांबू एकदा उभे राहिले, माणूस हात वर करतो तसे, आणि गेले. जिथं त्या क्षणापूर्वी चार जण तोंड खुपसून पडले होते, तिथून ताडाएवढं पाणी आवाज करत निघालं होतं. त्या आवाजात आत्याच्या शिव्या विरून गेल्या. मग कलिंगडं वर यायला लागली. हिरवी, गोल, भिजलेली, बुडत आणि वर येत, एकामागून एक. लांबून डोकी दिसावीत तशी. आत्या बघत राहिली. त्यांत आपली चार नव्हती.

सून खाली बसली आणि वाळूच्या मुठी भरून सोडत राहिली.

बऱ्याच वेळानं आत्या भोंगेवाल्याशेजारी टेकली. फळावरचं निळं फडकं सोडवलं आणि त्याच्या कपाळाला घट्ट बांधलं. त्याच्या तोंडून "आई गं" आलं.

"आई गं काय? हळूच बांधतेय. चोराला एवढं पुरे." तिनं गाठ मारली. "तुला आमची नावं कुणी सांगितली?"

"तुम्हीच की. दर वेळी मी वळलो की सूनबाई म्हणायच्या, आत्या, गेला तो, आणि तुम्ही म्हणायचात, दादा, ऊठ. त्यांना ऐकू येत नाही, पण मला येतं."

"म्हणजे तुला आम्ही दिसायचो?"

"आत्या," भोंगेवाला म्हणाला, "आंधळ्यालासुद्धा दिसला असता तुम्ही."

सुनेला हसू फुटलं. ते कधी रडणं झालं ते तिलाही कळलं नाही.

पुढचे दिवस सगळ्यांचे चिखलात गेले. नदीच्या खालच्या वळणावर झुडपांत अडकलेली फळं भाच्यानं काढली, बहुतेक फुटकी. एक घागर सापडली, चेपलेली. मोठं फळ आत्यानं चिरलं. आतून लालभडक होतं. बिया राखेत घोळवून ती उन्हात पसरत होती, तेव्हा भाचा बातमी घेऊन आला.

"भोंगेवाल्याला कामावर घेत नाहीत. दारं उघडली की जागा सोडायची नाही असा नियम आहे, आणि तो पळाला. साहेबांनी विचारलं, का पळालास? तो गप्प."

"गप्प का? सांगायचं की, माणसं होती."

"तिथंच तर अडलंय. माणसं होती म्हणावं, तर इतकी वर्षं कोणीच आढळलं नाही म्हणून कळवत होता ते खोटं ठरतं. आणि आपण सापडतो. माणसं नव्हती म्हणावं, तर मग हा कुणाला वाचवायला पळाला?"

आत्या बिया पसरत राहिली. हात हळूहळू थांबला. तिनं आपला उजवा अंगठा वर धरून उन्हात पाहिला, जसा काही तो दुसऱ्याचाच होता.

"दादाला धुतलेले कपडे दे," ती म्हणाली. "ऑफिसात जायचंय."

ऑफिस तेच, कारकून तोच, बाकावर पिशवी तीच. आत भोंगेवाला निळं फडकं बांधून खाली मान घालून उभा होता, आणि टेबलामागं साहेब शिंकत होते. दमलेला, सर्दीनं नाक लाल झालेला माणूस. आत्यानं एवढ्या वर्षांत साहेब म्हणून ज्या कुणाला शिव्या दिल्या होत्या, त्याच्याशी याचा काही मेळ बसेना.

"आम्ही होतो," आत्या दारातूनच म्हणाली. "दर वर्षी असतो. नदीत."

कारकून म्हणाला, "पण नकाशात तिथं—"

"तुझा नकाशा गुंडाळ. त्यात पाणी आहे ना? मग त्यात बुड."

साहेबांनी रुमाल नाकावरून काढला. "आजी, असं म्हणालात तर नोटीस तुमच्यावर लागू होईल. अंगठा द्यावा लागेल. विचार करा."

"विचार करूनच आले." आत्यानं हात पुढं केला. "हा घ्या. फार दिवस शोधत होता."

कारकुनानं शाई लावली, अंगठा दाबला. कागदावर नुसता काळा गोळा उमटला. पुन्हा दाबला. पुन्हा गोळा. एक रेघ नाही. आयुष्यभर वाळू उपसून-उपसून अंगठा गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. आत्याच त्याच्याकडे टकमक बघायला लागली. "अगं बाई," ती म्हणाली, "एवढी वर्षं हेच लपवत होते होय मी!"

"साहेब, ठसा येत नाही," कारकून म्हणाला.

"डाग आलाय ना? डाग पुरे." साहेब भोंगेवाल्याकडे वळले. "आणि तू? इतकी वर्षं तुला ही माणसं दिसली नाहीत?"

"साहेब, ती आडवी असायची."

"आणि तू?"

"मी उभा असायचो. उभ्या माणसाला आडवी माणसं दिसत नाहीत, साहेब."

साहेब शिंकले. की हसले, ते रुमालामुळं कळलं नाही. रुमाल खाली आला तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता. "बरं, आजी. नोटीस मिळाली. जागा कधी खाली करता?"

"नदीनं केली की."

साहेबांनी कागदावर लिहिलं, जागा रिकामी झाली. "संपलं. पुढच्या वर्षी कोणी आढळलं तर नवी नोटीस काढावी लागेल. ती घेऊन कोण जाणार?"

"मीच, साहेब," भोंगेवाला म्हणाला.

"आणि नदीत माणसं असतात हे आता ऑफिसला कळलंय. म्हणजे दारं उघडायच्या आधी कुणीतरी जाऊन सांगायला हवं. नुसता भोंगा नाही. ते कोण करणार?"

"मीच, साहेब."

"मग उद्यापासून कामावर ये. आणि," ते कारकुनाला म्हणाले, "ती बाकावरची पिशवी उचला. म्हातारा माणूस केव्हाचा उभा आहे."

दादा बाकावर बसला. त्याला कुणीतरी चहा आणून दिला. तो त्यानं बशीत ओतून, फुंकून, अगदी सावकाश प्यायला. उठताना त्यानं दारातून साहेबांकडे पाहिलं आणि वाकून हात जोडले, त्या वेळेसारखेच.

आत्यानं या वेळी ते खाली ओढले नाहीत. त्याच्याशेजारी उभं राहून आपलेही जोडले. अंगठ्याची शाई अजून ओली होती.

नदी पुन्हा आटली. चौघं पुन्हा वाळूत उतरली. या खेपेला खोपटं उंच काठावर बांधलं आणि वेल काठाजवळ धरले. राखेत घोळवलेल्या बियांमधून गडद हिरवे वेल निघाले. मधूनमधून भोंगेवाला यायचा आणि काठावरूनच ओरडायचा, "उद्या पाणी सोडणार आहेत!" तेव्हा सगळी वर जायची, आणि पाणी खरोखरच यायचं. आत्याला त्याची सवय व्हायला फार वेळ लागला. पहिल्या वेळी तर ती पाण्याला हात लावून बघून आली.

पहिलं फळ पिकलं. दादानं तळवा ठेवून मान हलवली.

"त्यांना देऊन येऊ का?" सुनेनं विचारलं.

"कुणाला? खात्याला?" आत्या फणकारली. "खात्याला मी आयुष्यात काही देणार नाही." आणि तिनं ते फळ स्वतः उचलून काठाच्या पायवाटेवर, कुणालाही दिसेल असं ठेवलं, भोंगेवाल्यानं धुऊन परत दिलेल्या निळ्या फडक्यावर. "पण उघड्यावर राहिलेली वस्तू चोरीला गेली, तर त्याला आपण काय करणार?"

संध्याकाळी वाटेवर घासत्या पायांचा आवाज आला. सून टिटवीसारखी ओरडली. आत्यानं सुतळीला एक हिसका दिला आणि चौघं वेलांखाली आडवी झाली.

पाय फळाशी थांबले. बराच वेळ थांबले.

"कोणीच नाही बाबा इथं!" भोंगेवाला मोठ्यानं म्हणाला. मग हुंकार देऊन त्यानं ओझं खांद्यावर घेतलं.

आत्याचं तोंड वाळूत होतं. दातांत वाळू करकरत होती आणि पोट हसण्यानं गदगदत होतं, तिच्यासोबत आख्खा वेल हलत होता. पावलं चढावर गेली, लांब गेली, ऐकू येईनाशी झाली. तेव्हा कुठं ती वाळूलाच सांगावं तसं म्हणाली,

"सावकाश जा रे बाबा. जड आहे."